अक्षरं नका कापू, वजनं कापा: मराठी संकेतस्थळाचा फॉन्ट हलका करताना

एका दिवाळी अंकाच्या ऑनलाइन आवृत्तीचं काम माझ्याकडे होतं. पान उघडायला वेळ लागत होता आणि खापर फॉन्टवर फुटत होतं, तेही रास्तच होतं. मग मी वाचून ठेवलेली एक कृती वापरली: फॉन्टच्या फाइलीचे लहान तुकडे करायचे आणि पानावर ज्या अक्षरांची गरज असेल तेवढेच तुकडे ब्राउझरला मागू द्यायचे. चिनी आणि जपानी फॉन्टसाठी हे सर्रास करतात. मीही कवर्ग-चवर्ग एका फाइलीत, उरलेली व्यंजनं दुसऱ्या फाइलीत अशी वाटणी केली. आकडे झकास आले. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला, ‘अहो, क्षितिजमधल्या क्ष ला ठिगळ लावल्यासारखं का दिसतंय?’

पाहिलं तर खरंच ठिगळ होतं. ‘क’ एका फाइलीत, ‘ष’ दुसऱ्या फाइलीत. ‘क्ष’ घडवायला दोन्ही एकाच फॉन्टात लागतात. ते न मिळाल्यामुळे ब्राउझरने अख्खं जोडाक्षर फोनमधल्या फॉन्टातून उचललं आणि शब्दात परक्या चेहऱ्याचं एक अक्षर आणून बसवलं. चूक पूर्णपणे माझी. पण त्या चुकीमुळे देवनागरीचं वजन नक्की कुठे असतं ते कळलं. पुढची कृती त्यातूनच आली आहे. (आज्ञा आणि गुणधर्मांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, हे सांगायला नको.)

देवनागरी फॉन्ट जड का असतो

युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य गट ०९०० ते ०९७एफ असा आहे. एकूण १२८ जागा. यावरून वाटतं की फाइल छोटीच असायला हवी. पण या १२८ जागा म्हणजे कच्चा माल. फॉन्टच्या पोटात प्रत्येक व्यंजनाचं अर्धं रूप असतं, जोडाक्षरं असतात, रफार, रकार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असतात. चांगल्या फॉन्टात अशा आकृत्या कित्येक शेकड्यांनी भरतात. शिवाय कुठल्या अक्षरापुढे काय आलं की कुठली आकृती घ्यायची, याचे नियम एका तक्त्यात लिहिलेले असतात. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड हे सगळे हार्फबझ नावाच्या मुक्त लायब्ररीकडून ते नियम वाचून घेतात.

म्हणून देवनागरीतली अक्षरं तोडण्यात राम नाही. तोडली तर नियम तुटतात, आणि वैदिक स्वरचिन्हांसारखी दुर्मीळ अक्षरं वगळून वाचतं ते फार थोडं. खरी बचत आहे ती वजनांत, म्हणजे लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड या स्वतंत्र फाइलींत. त्यातल्या प्रत्येक फाइलीत तो शेकडो आकृत्यांचा संसार पुन्हा मांडलेला असतो.

हिशेब करून पाहा. समजा एका वजनाची फाइल ८० केबी आहे आणि डिझाइनरने पाच वजनं वापरली आहेत. झाले ४०० केबी. पानाचा वेग तपासणारं लाइटहाउस हे अवजार मोबाइलची चाचणी घेताना सेकंदाला १.६ मेगाबिट इतका संथ वेग धरतं, म्हणजे सेकंदाला साधारण २०० केबी. फक्त फॉन्टलाच २ सेकंद गेले. पानातला सगळ्यात मोठा दृश्य भाग किती वेळात दिसला हे मोजणाऱ्या एलसीपीची चांगली मर्यादा आहे २.५ सेकंद. चित्रं, स्टाइलशीट आणि स्क्रिप्टसाठी उरलं काय?

आधी मोजा

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या पट्टीत ‘फॉन्ट’ हा गाळणा लावा, कॅश (आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) बंद ठेवा आणि पान पुन्हा लोड करा. किती फाइली आल्या, कुठल्या सर्व्हरवरून आल्या आणि प्रत्येकीचा आकार काय, हे कागदावर लिहून घ्या. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा काम इथेच संपतं. कुणीतरी थीममध्ये एक वजन टाकून ठेवलेलं असतं आणि ते पानावर एकाच बटणाला लागलेलं असतं.

मग एलिमेंट्समध्ये एखादा मराठी परिच्छेद निवडून ‘कम्प्यूटेड’च्या अगदी तळाशी जा. तिथे तो मजकूर प्रत्यक्षात कुठल्या फॉन्टने रंगवला आणि त्यातल्या किती आकृत्या वापरल्या ते दिसतं. स्टाइलशीटमध्ये लिहिलेलं नाव आणि इथलं नाव वेगळं असण्याची वेळ मराठी पानांवर फार येते: एखादा देखणा लॅटिन फॉन्ट उतरवून घेतलेला असतो, त्यात देवनागरी नसतेच, आणि वाचक मुकाट फोनमधला फॉन्ट वाचत असतो. फाइल उतरली ती पूर्णविरामांसाठी.

वेबफॉन्ट हवाच का?

वेबफॉन्ट म्हणजे पानासोबत उतरवावा लागणारा फॉन्ट. तो हवाच का, हा प्रश्न डिझाइनरला आवडत नाही, पण विचारावा. आज अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी असतो. तिन्ही वाचनीय आहेत. बातम्या, तक्रार नोंदवण्याचे अर्ज, पाणीपट्टी भरण्याची पानं यांना याहून अधिक काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शून्य केबीपेक्षा हलका फॉन्ट नाही.

मधला मार्गही आहे: मजकूर यंत्रातल्या फॉन्टात आणि फक्त मथळे वेबफॉन्टात. संकेतस्थळाचा चेहरा मथळ्यांतूनच ओळखला जातो. मासिक, कवितेचं संकेतस्थळ, प्रकाशकाचं दालन असेल तर मात्र मजकुरालाही स्वतःचा फॉन्ट द्यावा, त्यात काटकसर करू नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ किंवा खास मराठी वळणाचा ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहून ठेवा.

परवाना वाचायला विसरू नका. छपाईसाठी विकत घेतलेला फॉन्ट वेबवर चढवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट चढवता येतात, कापताही येतात. मात्र काहींनी नाव राखीव ठेवलेलं असतं, आणि तसं असेल तर कापलेल्या आवृत्तीला वेगळं नाव द्यावं लागतं.

वजनं दोनवर आणा

मजकुराला ४०० आणि मथळे-ठळक शब्दांना ७००. लाइट वजनाची देवनागरी छोट्या पडद्यावर उन्हात वाचता येत नाही, तेव्हा तिला निरोप द्यायला दुःख नको. मीडियम आणि सेमीबोल्ड यांतला फरक १६ पिक्सेलला कुणी ओळखून दाखवला तर चहा माझ्याकडून.

एकावर मात्र जाऊ नका. ७०० वजनाची फाइल नसेल तर ब्राउझर रेग्युलरलाच रेघा जाड करून खोटा बोल्ड बनवतो. लॅटिनमध्ये ते खपतं. देवनागरीत ‘ध’, ‘घ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते आणि शिरोरेघेखाली काळा चिखल होतो. इटॅलिक तर आपल्या लिपीत मुळात नाहीच. ब्राउझर अक्षरं तिरकी ढकलतो एवढंच. उद्धृतासाठी वेगळा रंग किंवा समास वापरा.

तीन-चार वजनं खरोखर लागणारच असतील तर व्हेरिएबल फॉन्ट घ्या, म्हणजे एकाच फाइलीत पातळपासून जाडपर्यंतची पूर्ण पट्टी. ही सोय २०१६ साली ओपनटाइप या फॉन्टच्या मानकाच्या १.८ आवृत्तीत आली. पण तीही जशीच्या तशी चढवू नका. नोटो सान्स देवनागरीच्या व्हेरिएबल फाइलीत वजनासोबत रुंदीचाही अक्ष असतो. फॉन्टटूल्समधलं इन्स्टन्सर वापरून रुंदी १०० वर गोठवा आणि वजन ४०० ते ७०० इतकंच ठेवा.

फाइल कापणं

अवजार: पायथनमधलं फॉन्टटूल्स आणि त्यातली पायएफटीसबसेट ही आज्ञा. सोबत ब्रॉट्लीचं पॅकेज बसवा, कारण वॉफ२ या वेबसाठीच्या प्रकाराच्या फाइली आतून ब्रॉट्लीनेच दाबलेल्या असतात. वॉफ२ २०१८ पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस आहे आणि आजचे सगळे ब्राउझर ती वाचतात. ईओटी, टीटीएफ, एसव्हीजी अशी लांबलचक वरात स्टाइलशीटमध्ये अजून असेल तर ती काढून टाका.

आज्ञेला मूळ फाइल द्या, फ्लेवर वॉफ२ सांगा, आणि युनिकोड्स या पर्यायात पुढील जागा लिहा.

देवनागरीचा संपूर्ण गट, ०९०० ते ०९७एफ. यातून काहीही काढायचं नाही. ‘ॲप’ आणि ‘ॲड.’ मधला ‘ॲ’ ०९७२ वर बसतो. तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टांत नसतो. तुमच्या फॉन्टात आहे का ते आधी पाहा.

२००सी आणि २००डी. ही दोन अदृश्य अक्षरं, एक जोड तोडणारं आणि एक जोडणारं. डोळ्याला दिसत नाहीत म्हणून हमखास वगळली जातात. मराठीत हे परवडत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. तो चंद्रकोरीसारखा र काही कळफलकांवर ०९३१ ने उमटतो, तर काहींवर साधा र, हलंत आणि २००डी मिळून. फाइलीत दोन्ही वाटा उघड्या हव्यात. आणि हो, एचटीएमएल आटोपशीर करणारं किंवा मजकूर ‘स्वच्छ’ करणारं एखादं प्लगइन हे अदृश्य अक्षर खाऊन टाकत नाही ना, हेही बघा. खाल्लं तर सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो.

२०बी९, म्हणजे रुपयाचं चिन्ह. २५सीसी, म्हणजे ठिपक्यांचं वर्तुळ, सुटी मात्रा दाखवायला लागतं. २०१३, २०१४, २०१८, २०१९, २०१सी, २०१डी आणि २०२६, म्हणजे डॅश, अवतरणचिन्हं आणि तीन टिंबं.

आणि शेवटी ००२० ते ००७ई, म्हणजे रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे, स्वल्पविराम, पूर्णविराम. हे का? फॉन्ट तयार सेवेकडून घेतला की देवनागरी आणि लॅटिन अशा दोन फाइली येतात आणि त्यांची विभागणी युनिकोड-रेंजने, म्हणजे कुठली अक्षरं कुठल्या फाइलीतून घ्यायची हे सांगणाऱ्या गुणधर्माने, होते. पण मराठी वाक्यातला पूर्णविराम आणि स्वल्पविराम लॅटिनच्या वाट्याला गेलेले असतात. म्हणजे पानावर एकही इंग्रजी शब्द नसला तरी दुसरी फाइल उतरतेच. ही ९५ अक्षरं देवनागरीच्याच फाइलीत घातली तर काही केबी वाढतात आणि एक अख्खी विनंती वाचते.

लेआउट-फीचर्स या पर्यायात तारांकन द्या, म्हणजे जोडाक्षरांचे आणि भाषेनुसार बदलणाऱ्या रूपांचे सगळे नियम शाबूत राहतात. हिंटिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर अक्षरं रेखीव दिसावीत म्हणून फॉन्टात घातलेल्या सूचना, काढून टाकण्याचा पर्याय आहे. अँड्रॉइड आणि ॲपलवर त्याचा फारसा उपयोग नसतो, फाइल मात्र हलकी होते. विंडोजच्या जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या पडद्यांवर वाचणारा वर्ग मोठा असेल तर काढण्यापूर्वी तिथे डोळ्यांनी पाहून घ्या.

ठरावीक मजकुरापुरती अक्षरं ठेवण्याची मूळ कृती एकाच ठिकाणी चालते: जो शब्द कधीच बदलणार नाही तिथे. अंकाचं नाव, बोधवाक्य. टेक्स्ट या पर्यायात ते शब्द द्या. पायएफटीसबसेट त्या अक्षरांपासून होऊ शकणारी जोडाक्षरंही स्वतःहून सोबत घेतं. संपादक उद्या उपशीर्षक बदलणार असतील तर या वाटेला जाऊ नका. ते बदलणारच.

स्टाइलशीटमध्ये

फाइली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. पूर्वी असं म्हणत की सार्वजनिक सेवेवरून फॉन्ट घेतला तर वाचकाने तो दुसऱ्या संकेतस्थळावर आधीच उतरवलेला असेल. ते दिवस गेले. क्रोमने २०२० मध्ये ८६व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८५व्या आवृत्तीपासून कॅश संकेतस्थळागणिक वेगळी केली, सफारीने तर त्याच्या कितीतरी आधी. आता परक्या सर्व्हरकडून फायदा काही नाही, उलट पत्ता शोधणं, जोडणी करणं, सुरक्षित हस्तांदोलन या फेऱ्यांचा भुर्दंड. एक फेरी १५० मिलिसेकंदांची धरली तर तीन फेऱ्यांना जवळपास अर्धा सेकंद.

फॉन्ट-फेसच्या नियमात, म्हणजे ब्राउझरला फॉन्टचं नाव आणि फाइल सांगतो तिथे, फॉन्ट-डिस्प्ले लिहाच. फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचं ते त्यावरून ठरतं. काही न लिहिलं तर बहुतेक ब्राउझर मजकूर साधारण ३ सेकंद अदृश्य ठेवतात: मासिक उघडलं आणि पानं कोरी. ‘स्वॅप’मध्ये लगेच यंत्रातला फॉन्ट दिसतो आणि वेबफॉन्ट कधीही आला तरी बदल होतो, अगदी वाचक तिसऱ्या परिच्छेदात असतानासुद्धा. ‘फॉलबॅक’ साधारण १०० मिलिसेकंद थांबतो, पुढे ३ सेकंदांत वेबफॉन्ट आला तर बदलतो, नाहीतर त्या भेटीपुरता नाद सोडतो. ‘ऑप्शनल’ १०० मिलिसेकंदांत नाही आला तर बदलतच नाही. मी मथळ्यांना स्वॅप आणि मजकुराला फॉलबॅक लावतो. ‘आपला फॉन्ट दिसलाच पाहिजे’ म्हणून सगळीकडे ‘ब्लॉक’ (तोवर मजकूर अदृश्यच) लावणाऱ्यांशी मी वाद घालतो.

प्रीलोड फक्त एका फाइलीचा, मजकुराच्या रेग्युलरचा. ब्राउझरला फॉन्टची गरज उशिरा कळते, कारण स्टाइलशीट वाचून कुठल्या मजकुराला काय लागतं हे ठरल्यावरच तो फाइल मागतो. प्रीलोडने ती आधी सुरू होते. त्या ओळीत क्रॉसओरिजिन लिहायला विसरू नका, फाइल आपल्याच सर्व्हरवर असली तरीही. विसरलात तर तीच फाइल दोनदा उतरते आणि आपण वेग वाढवायला गेलो होतो हे आठवून हसू येतं. चार-चार फाइली प्रीलोड केल्या तर त्या मुख्य चित्राच्या तोंडचा घास काढून घेतात.

एचटीएमएलच्या मूळ टॅगवर लँगची किंमत ‘एमआर’ असू द्या. साचे बाहेरून येतात आणि तिथे ‘ईएन’ तसंच राहतं. फॉन्टात सोय असेल तर या एका शब्दाने शाळेत गिरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा पडदावाचक मजकूर कुठल्या भाषेत बोलायचा तेही इथूनच ठरवतो.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. इंग्रजी मथळ्यांसाठी दिलेलं एक-दोन पिक्सेलचं अंतर मराठीत शिरोरेघेचे तुकडे करतं. हा वेगाचा मुद्दा नाही, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

उडी थांबवणं

यंत्रातला फॉन्ट जाऊन वेबफॉन्ट आला की ओळी नव्याने तुटतात, परिच्छेदाची उंची बदलते आणि बोटाखालचा दुवा निसटतो. सीएलएस हेच मोजतं. चांगली मर्यादा ०.१.

उपाय असा. यंत्रातल्या फॉन्टला फॉन्ट-फेसमध्ये ‘लोकल’ने एक टोपणनाव द्या आणि साइझ-ॲडजस्टने त्याची रुंदी आपल्या फॉन्टशी जुळवा. प्रमाण काढायला एक लांब मराठी वाक्य न मोडता एका ओळीत ठेवा आणि दोन्ही फॉन्टांत त्याची रुंदी मोजा. वेबफॉन्टात ६४० पिक्सेल आणि यंत्रातल्या फॉन्टात ६०८ भरली, तर ६४० भागिले ६०८, म्हणजे १०५.३ टक्के. निर्मला, कोहिनूर आणि नोटो यांची प्रमाणं वेगळी येतात, म्हणून तीन टोपणनावं लागतात. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

वाक्य मराठीच घ्या. तयार गणकयंत्रं इंग्रजी अक्षरांच्या सरासरीवर चालतात. काही लोकप्रिय फ्रेमवर्क हे काम आपोआप करतात, पण ते एरियलला जुळवून घेतात आणि एरियलमध्ये देवनागरी नाही. त्यामुळे सगळं जुळल्याचा अहवाल येतो आणि मराठी मजकूर पूर्वीसारखाच उड्या मारतो.

उभ्या उडीवर सोपा इलाज: लाइन-हाइट ‘नॉर्मल’ न ठेवता आकड्यात लिहा, १.६ किंवा १.७. मग ओळीची उंची फॉन्टच्या मर्जीवर राहत नाही. इंग्रजीसाठीचं १.२ तसंच ठेवलं तर वरच्या ओळीतल्या ‘कृ’चा पाय खालच्या ओळीतल्या ‘र्कीं’च्या डोक्यावर पडतो.

सर्व्हर आणि शेवटची परीक्षा

फाइलीच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक, घाला आणि कॅश-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, आणि सोबत ‘इम्यूटेबल’, म्हणजे ही फाइल बदलणार नाही, असं लिहा. वॉफ२ सर्व्हरवर पुन्हा दाबू नका, ती आधीच दाबलेली आहे. एचटीएमएल मात्र ब्रॉट्लीने दाबलंच पाहिजे: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, रोमन अक्षर एकच.

मग एक पान बनवा आणि त्यावर हे शब्द मोठ्या व छोट्या आकारात, दोन्ही वजनांत लिहा: ज्ञानेश्वर, क्षितिज, हृदय, कृष्ण, उत्कृष्ट, राष्ट्र, श्रद्धा, वाङ्मय, वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या, ॲप, ऑक्टोबर, काळजी, आर्किटेक्ट, ₹१,२५०. स्वस्त अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज या तिन्हींवर उघडा. आपल्या लॅपटॉपवर पाहून समाधान मानू नका. तिथे तो फॉन्ट आधीच बसवलेला असतो आणि ‘लोकल’ने तोच उचलला जातो, हे मला दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं होतं.

त्या दिवाळी अंकाच्या पानावर शेवटी दोन फाइली राहिल्या. चाचणीच्या यादीत ‘क्षितिज’ दुसरं आहे, ते संपादकांच्या सांगण्यावरून.